वहिनींच्या टेम्पोतले आप्पा

वहिनी नक्की कोणाच्या वहिनी, हे मला चौदा वर्षांत कळलेलं नाही. त्यांचा नवरा शिंपी. आमच्या आधीच्या साहेबांच्या पँटी तो शिवायचा, साहेब त्याला भाऊ म्हणायचे, म्हणून या वहिनी झाल्या. साहेब बदलून गेले, पँटीही एव्हाना फाटल्या असतील, पण वहिनी राहिल्या. आताचे साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे आहेत, तेसुद्धा वहिनीच म्हणतात.

मी जंगलाच्या रस्त्यावर अलीकडच्या नाक्यावर असतो. गाडी आली की नंबर लिहायचा, माणसं मोजायची, तिकीट फाडायचं आणि दांडा वर करायचा. रस्ता साठ किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना झाडी, वाटेत पाच धबधबे आणि तंबू ठोकून राहायला तीन कॅम्प. पलीकडच्या टोकाला असाच नाका, असाच दांडा आणि माझ्यासारखाच एक जोडीदार. त्याच्याशी मी वायरलेसवर बोलतो. मधल्या साठ किलोमीटरांत फोनला रेंज नाही. शांतता मिळावी म्हणून लोक इथं येतात आणि आल्यावर पहिलं विचारतात की रेंज कुठं येते.

वहिनी खात्याचा टेम्पो चालवतात. सकाळी सातला माझ्या नाक्यावरून आत शिरायचं, प्रत्येक कॅम्पवर आणि प्रत्येक धबधब्यापाशी थांबायचं, कचऱ्याचे डबे रिकामे करायचे, स्वच्छतागृह धुवायचं, टाकीत पाणी आहे का बघायचं, आणि पलीकडच्या नाक्यामागे कचरा उतरवून संध्याकाळी परत यायचं. पाट्यांवर स्वच्छतागृह असं लिहिलंय. वहिनी संडास म्हणतात. धुणाऱ्याला कसलीही भाषा वापरायची मुभा असते.

लोक मला सांगतात, केवढं भाग्य तुमच्या त्या बाईंचं, रोज निसर्गात! वहिनींच्या लेखी धबधबा म्हणजे जिथं सगळ्यात जास्त रिकाम्या बाटल्या सापडतात ती जागा. पहिल्यापाशी बिस्किटांचे कागद, दुसऱ्यापाशी लहान मुलांचे मोजे, तिसऱ्यापाशी का कोण जाणे पण नेहमी चष्म्याची एक तरी काडी. डोंगर दुरून साजरे असतात असं म्हणतात. धबधब्यांचंही तसंच आहे. फरक एवढाच की वहिनींना रोज जवळ जावं लागतं.

गाडी त्यांना मामांनी शिकवली. मामा शववाहिका चालवायचे. रिकामी गाडी परत नेताना ते भाचीला चाकावर बसवायचे आणि एकच धडा द्यायचे, "मागच्याला घाई नसते, आपण कशाला करायची?" वहिनींचा टेम्पो आजही पस्तीसच्या वर जात नाही. मागे गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकतात. वहिनी डाव्या बाजूला घेतात, हात बाहेर काढून त्यांना पुढं जायची खूण करतात आणि पुढच्या धबधब्यापाशी त्यांच्याच बाटल्या उचलतात.

नवऱ्याला गाडी लागते. लग्नानंतर एकदा दोघं या रस्त्यानं निघाली होती, तर तिसऱ्या वळणावर त्यानं गाडी थांबवायला लावली, उतरला आणि चालत घरी गेला. पुन्हा म्हणून त्यानं विषय काढला नाही. तो घरी मशीनवर, त्या रस्त्यावर. संसार छान चाललाय.

तर, गेल्या वर्षीची गोष्ट. एका शनिवारी सकाळी माझ्या नाक्यावर दोन गाड्या आल्या. दोन भाऊ, दोघांच्या बायका, चार मुलं आणि दोघांचे वडील. माणसं नऊ. वडिलांना सगळे आप्पा म्हणत होते. वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढं, राखाडी स्वेटर, सरळ पाठ. ते दुसऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. मी तिकीट द्यायला वाकलो तर त्यांनी माझ्या खोलीतल्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे."

मी म्हटलं, "असेल."

"असेल नाही. आहे."

त्यांची सून मागून म्हणाली, "आप्पा, जाऊ द्या ना." मग मला म्हणाली, "वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होते. चौतीस वर्षं." हे तिनं कुणाचं तरी दुखणं सांगावं तसं सांगितलं.

त्यांनी शनिवार-रविवार कॅम्प दोनवर काढला. सोमवारी सकाळी नऊ वाजता तंबू गुंडाळले, गाद्या कोंबल्या, मुलं कोंबली आणि निघाले. थोरल्याला वाटलं आप्पा धाकट्याच्या गाडीत आहेत. धाकट्याला वाटलं थोरल्याच्या. दोघांनाही हायसं वाटलं असणार, कारण पुढच्या सीटवर त्या दिवशी ज्याची त्याची बायको बसली होती.

दहाच्या सुमारास वहिनी कॅम्प दोनवर पोचल्या. मोकळ्या मैदानात घडीच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. शेजारी खुंट्यांची चार भोकं. तंबू नाही, गाडी नाही, माणूस नाही.

वहिनींनी आधी डबा रिकामा केला. मग विचारलं, "काका, तुमची माणसं?"

"गेली."

"तुम्हाला सोडून?"

"मी संडासात होतो. बाहेर आलो तेव्हा हीच एक खुर्ची होती. ही मी खाली ठेवून गेलो होतो, म्हणून राहिली असेल."

"आठवेल त्यांना."

"आठवेल," आप्पा म्हणाले. "जेवायच्या वेळी. पानं मांडताना मोजतात."

कॅम्प दोनच्या गार्डच्या खोलीत फोन आहे, त्यातून फक्त खरखर ऐकू येते. गार्ड त्या दिवशी रजेवर होता. परत माझ्या नाक्याकडे यावं तर वहिनींची अर्धी फेरी बुडणार, आणि आप्पांची माणसं तर पलीकडच्या टोकाला गेलेली. खात्याच्या टेम्पोत बाहेरचा माणूस बसवायचा नाही असा नियम आहे. म्हाताऱ्या माणसाला रानात एकटं सोडून जाऊ नये असा नियम मात्र कुठं लिहिलेला नाही. वहिनींनी दोन मिनिटं विचार केला, शेजारच्या सीटवरचे फडके आणि फिनेलचा डबा मागं टाकला आणि म्हणाल्या, "बसा. पण वाटेत माझी कामं होतील तशी होतील. थांबावं लागेल."

"मला घाई नाही," आप्पा म्हणाले.

हे वाक्य ऐकून वहिनींना मामांची आठवण झाली असं त्या मला नंतर म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, हे आप्पांना सांगू नका.

पहिले तीन-चार किलोमीटर आप्पा कधी बाहेर, कधी वहिनींच्या काट्याकडे बघत होते. मग आप्पा म्हणाले, "हे किलोमीटरचे दगड कोणी बसवले?"

"खात्यानं."

"तुमच्या काट्याशी जुळत नाहीत. दगड लवकर येतायत. असंच चाललं तर दहा किलोमीटरमागे चारशे मीटर खाल्ले म्हणायचे."

"कोणी?"

"ज्यानं बसवले त्यानं."

"खाऊन काय करणार? मीटर कुठं विकले जातात?"

आप्पांनी यावर बराच विचार केला. चौतीस वर्षांत त्यांनी मापात मारणारे पुष्कळ पकडले होते, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

चौथ्या धबधब्यापाशी वहिनींनी टेम्पो उभा केला, चिमटा आणि पोतं घेतलं आणि उतरल्या. आप्पा आतच बसून राहिले. वहिनी काठावरून फिरून आल्या तरी ते समोरच्या काचेतून झाडांकडे बघत होते.

"बघायचा नाही का?" वहिनींनी विचारलं. "वीस पावलांवर कठडा आहे."

"मी गाडीत बसतो. गुडघे आहेत माझे."

"गुडघे सगळ्यांना असतात."

आप्पा तेव्हा म्हणाले की येताना तीनही धबधब्यांपाशी त्यांना असंच सांगण्यात आलं होतं. आप्पा, तुम्ही गाडीत बसा, आम्ही पाच मिनिटांत आलो. पाच मिनिटं म्हणजे पहिल्यापाशी बावीस, दुसऱ्यापाशी एकतीस आणि तिसऱ्यापाशी अठरा, कारण तिथं मुलांची भांडणं झाली. त्यांनी तीनही धबधबे ऐकले होते. पाहिला एकही नव्हता. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. अहवाल द्यावा तसं सांगितलं.

वहिनींनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. वीस पावलांना सहा मिनिटं लागली. कठड्याला धरून आप्पांनी धबधबा बघितला आणि म्हणाले, "बरा आहे."

बाराच्या पुढं त्या दोन्ही गाड्यांतली माणसं पलीकडच्या गावात एका हॉटेलात बसली. वेटरनं विचारलं, किती? धाकट्या सुनेनं सांगितलं, नऊ. त्यानं नऊ खुर्च्या लावल्या. एक रिकामी राहिली. थोरला म्हणाला, "आप्पा हात धुवायला गेलेत का?" धाकटा म्हणाला, "तुझ्याच गाडीत होते ना?" त्यानंतर कोणी जेवलं नाही.

त्या वेळी वहिनी कॅम्प तीनवर संडास धुवत होत्या. आप्पा आत शेवटच्या नळाचं वॉशर बघत होते, कारण त्यांच्या मते त्यातून मिनिटाला चाळीस थेंब गळत होते. थोड्या वेळानं गावाकडून माघारी फिरलेल्या दोन्ही गाड्या करकचून ब्रेक मारत उभ्या राहिल्या. थोरला मुलगा उतरून धावत आला.

"बाई, एक म्हातारे गृहस्थ दिसले का तुम्हाला? उंच, राखाडी स्वेटर?"

वहिनी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलाच्या पाठीमागं संडासाच्या दारात त्यांना आप्पा दिसले. आप्पा मान हलवत होते. नाही, नाही.

आता वहिनी खोटं बोलत नाहीत. जमत नाही त्यांना. त्या म्हणाल्या, "दिसले ना."

"कुठं?"

"कॅम्प दोनवर. खुर्चीवर बसले होते. बरे होते."

मुलगा गाडीत बसला. दोन्ही गाड्या धूळ उडवत कॅम्प दोनकडे सुटल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

वहिनी आप्पांवर रागावल्या. त्यांचा राग दिसत नाही, फक्त बादली जरा जोरात ठेवली जाते. "हे काय केलंत काका? पोरं घाबरलीत तुमची."

"माहीत आहे."

"मग?"

आप्पा वॉशर हातात धरून उभे होते. "पाचवा राहिलाय," ते म्हणाले. "आत्ता त्यांच्या गाडीत बसलो की पुन्हा ऐकावा लागेल. अर्धा तास द्या मला."

वहिनींनी घड्याळ बघितलं. "एक धबधबा. त्यानंतर सरळ नाका."

पाचवा धबधबा आमच्याकडचा सगळ्यात मोठा. पाटीवर लिहिलं होतं, उंची एकशे वीस मीटर. वरच्या कठड्यापर्यंत गाड्या जातात. पण खालच्या डोहाशी जायला एक खात्याची वाट आहे, तिला साखळी आहे आणि साखळीची किल्ली वहिनींकडे असते. टेम्पो त्या वाटेनं तळापर्यंत उतरतो. तिथून पाण्यापर्यंत दगडांतून पन्नासएक पावलं. आप्पांनी एक हात वहिनींच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातात ती घडीची खुर्ची. मधे तीनदा थांबले. एकदा वहिनी म्हणाल्या, "परत फिरायचं का?" तर ते म्हणाले, "अंतर निम्म्याहून जास्त झालंय. आता परतणं महाग पडेल."

खाली पोचल्यावर त्यांनी बसण्याआधी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. वरून सुटलेला पाण्याचा एकेक लोट खाली येईपर्यंत ते सेकंद मोजत होते. पाच-सहा वेळा मोजून झाल्यावर म्हणाले, "तीन सेकंद. पंचेचाळीस मीटर. साडेतीन धरले तरी साठाच्या वर जात नाही. एकशे वीस कोणी लिहिलं?"

"खात्यानं," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले आणि खुर्ची पाण्यात सरकवून बसले. पाय घोट्यापर्यंत बुडाले. मग म्हणाले, "गार आहे."

वहिनी बादली पालथी घालून शेजारी बसल्या. चौदा वर्षांत हातात चिमटा नसताना त्या तिथं पहिल्यांदाच बसल्या होत्या. समोर दोन खडकांच्या मधे एक बाटली अडकलेली त्यांना दिसत होती. त्यांनी ती तशीच राहू दिली. थोड्या वेळानं चपला काढून त्यांनीही पाय सोडले.

मी नंतर खोदून खोदून विचारलं, पुढं काय झालं? तर म्हणाल्या, "काय व्हायचंय? बरं वाटलं."

इकडे माझ्या नाक्यावर वेगळंच चाललं होतं. दुपारी अडीचच्या सुमारास दोन्ही गाड्या उलट्या माझ्याकडे आल्या. कॅम्प दोनवर आप्पा नव्हते, खुर्चीही नव्हती. धाकटी सून अर्धा तास झाडीत हाका मारत फिरली होती. तिचा आवाज बसला होता, साडीचा काठ काट्यांनी फाटला होता. ती माझ्या टेबलाला धरून उभी राहिली. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता एकाच वेळी बोलत होते. मी शोधपथकासाठी साहेबांना फोन लावला, तेवढ्यात वायरलेस बोलला. पलीकडचा जोडीदार.

"अरे, इथं एक आजोबा येऊन बसलेत. वहिनींनी आणून सोडलं. माझं घड्याळ सहा मिनिटं मागं आहे म्हणतायत. त्यांना कोणी शोधतंय का?"

मी मागं वळून सांगितलं. धाकटी सून खाली बसली, तशीच, जमिनीवर, आणि मग रडली. मी पाणी दिलं. तेव्हा मला वहिनींचा मनापासून राग आला होता, हे लपवून ठेवत नाही.

पलीकडच्या नाक्यावर थोरला वडिलांना म्हणाला, "आप्पा, अहो असं हरवायचं असतं का?"

आप्पा म्हणाले, "मी हरवलो नव्हतो. तुम्ही विसरला होता. नोंद करताना बरोबर करा."

तक्रार आली. येणारच होती. मेमो मीच टाईप केला : खात्याच्या वाहनात अनधिकृत इसम बसवणे आणि पर्यटकांची दिशाभूल करणे. वहिनींनी खुलासा लिहून आणला, नवऱ्याकडून शुद्धलेखन तपासून. "त्यांनी विचारले दिसले का, मी दिसले म्हणाले. कुठे दिसले विचारले, ते सांगितले. आत्ता कुठे आहेत असे विचारले नाही. तरी चूक माझी आहे." साहेबांनी तो तीनदा वाचला. शेवटचं वाक्य नसतं तर प्रकरण वर गेलं असतं. आठ दिवस कामावरून बंद, एवढ्यावर भागलं.

त्या आठ दिवसांत टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर दिला. तो साठच्या वेगानं फेरी करायचा आणि दुपारी दोनला परत यायचा. साहेब खूश झाले. मग चौथ्या दिवशी कळलं की तो संडास बाहेरूनच बघत होता. वहिनी घरी बसून नवऱ्याच्या बटणपट्ट्या करत होत्या. तो म्हणाला, "आता कायमच बसलीस तरी चालेल." नवव्या दिवशी पहाटे उठून त्या सातला नाक्यावर हजर.

साहेबांकडे एक टपालही आलं, आप्पांच्या सहीचं, चार पानी. त्यात वहिनींबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळं दगडांबद्दल आणि त्या एकशे वीस मीटरबद्दल होतं, आकड्यांसकट. खात्यानं मोजणी करवली. सत्तेचाळीस भरले. पाटी बदलली. दगडांची फाईल अजून फिरतेय.

दोनएक महिन्यांनी एका सकाळी धाकटी सून एकटीच गाडी घेऊन आली. मी ओळखलं. म्हटलं, आता नाक्यावर भांडण. तिनं विचारलं, "त्या टेम्पोवाल्या बाई कुठं भेटतील?" वहिनी मागं नळी लावून पाण्याची टाकी भरत होत्या. मी हाक मारली.

वहिनी हात पुसत आल्या आणि तिला बोलू न देता म्हणाल्या, "तुम्ही हाका मारत फिरत होता हे मला नंतर कळलं. ते वाईट केलं मी. तुमच्या सासऱ्यांनी मान हलवली तरी मी सांगायला हवं होतं."

सून म्हणाली, "हाका मारल्या. पण त्याआधी तीन तास मला आठवलंच नव्हतं. मी पुढच्या सीटवर बसले होते आणि छान झोप लागली होती मला." तिनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात केली. "आप्पा घरी फार बोलत नाहीत. त्या दिवशी तुमच्याशी काय बोलले?"

वहिनींनी आठवून बघितलं. "दगडांबद्दल बोलले. नळाबद्दल. पाणी गार आहे म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. पण दिवसभर."

नळीचं पाणी टाकीवरून वाहायला लागलं होतं. वहिनी "येते हं" म्हणून पळाल्या. पाच मिनिटांत त्यांचा टेम्पो दांड्याखालून आत गेला, पस्तीसच्या वेगानं.

सून तिथंच उभी होती. मी म्हटलं, "परत जाणार ना? तिकडून वळवून घ्या." तर तिनं पर्स उघडली आणि म्हणाली, "एक तिकीट द्या. पहिल्या धबधब्यापर्यंत जाऊन येते."

मी तिकीट फाडलं, दांडा वर केला. दुपार झाली, ती आली नाही. संध्याकाळी सहाला वहिनींचा टेम्पो परत आला आणि त्याच्या मागोमाग, हॉर्न न वाजवता, तिची गाडी. मी दांडा वर करता करता विचारलं, "पहिल्यापर्यंतच जाणार होतात ना?"

"गाडी वळवायला जागाच सापडली नाही," ती म्हणाली.

वळवायला जागा पहिल्या धबधब्यापाशीच आहे, चांगली ऐसपैस, बस वळेल एवढी. मी दांडा खाली घेतला.